दोन जिवांचे औषध

आषाढातली सकाळ आहे. मुरगावच्या बंदरावर पावसाची झोड उठली आहे आणि सड्यावरच्या एका लहानशा खोलीत पाचव्या महिन्यातली एक बाई तापाने अंथरुणाला खिळली आहे. लघवीला जळजळ होते, कमरेची उजवी बाजू ठणकते, मधूनच अंगात हुडहुडी भरते. नवरा बंदरावर कामाला गेलेला. शेजारीण धावत येते, कोनाड्यातली गोळ्यांची अर्धी उरलेली पट्टी पुढे करते आणि म्हणते, "आमच्या ह्यांना गेल्या पावसात याच गोळ्यांनी उतार पडला, तूही घे." तेवढ्यात सासू आतून म्हणते, "दोन जिवांची आहे ती. असल्या जहाल गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतील. ताप काय, आज आहे, उद्या नाही. काही देऊ नका तिला."

हे चित्र कल्पनेतले आहे, पण पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणत्याही वाड्यावर ते खरे ठरावे असे आहे. शेजारणीच्या मनात माया आहे आणि सासूच्या मनातही मायाच आहे. दुर्दैव एवढेच की, दोघींचाही सल्ला त्या बाईला आणि तिच्या बाळाला संकटात लोटणारा आहे. गरोदरपणात जंतुनाशक औषध, ज्याला आज प्रतिजैविक किंवा अँटिबायोटिक म्हणतात, ते घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न मुळात चुकीच्या रीतीने विचारला जातो. कोणते औषध, कितव्या महिन्यात आणि कोणत्या रोगासाठी, असा तो विचारला पाहिजे. या तीन गोष्टी ठरल्याशिवाय 'होय' हे उत्तर जितके धोक्याचे, तितकेच 'नाही' हेही धोक्याचे आहे.

या औषधांनी बायकांवर केलेले उपकार आज विस्मरणात गेले आहेत. बाळंतज्वर हा शब्द आजीच्या पिढीत उच्चारतानाही आवाज खाली येत असे. १८४७ साली व्हिएन्ना येथील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवून दिले की, बाळंतिणीला तपासण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तर या ज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात. परंतु ज्वर एकदा जडला म्हणजे त्यावर औषध नव्हते. ते सापडण्यास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. जर्मनीत डॉ. गेरहार्ड डोमाक यांच्या संशोधनातून 'प्रॉन्टोसिल' हे तांबडे गंधकयुक्त औषध निघाले आणि १९३६ साली डॉ. लेनर्ड कोलब्रुक यांनी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातील बाळंतिणींवर त्याचा यशस्वी उपयोग केला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली दिसलेले पेनिसिलिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रत्यक्ष वापरात आले. भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिन बनू लागले. गोव्यात पेडणे तालुक्यातील तुये येथे १९८० साली गोवा अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या कंपनीची उभारणी झाली. एके काळी दुर्मिळ असलेले हे औषध अशा रीतीने गावच्या औषधालयापर्यंत आले. ते कोनाड्यातही जाऊन बसले, ही त्याच सुबत्तेची दुसरी बाजू होय.

मग सासूबाईंची भीती केवळ अडाणीपणाची समजायची काय? तसे मुळीच नाही. पूर्वी वैद्यकशास्त्रातही असा समज होता की, आई व बाळ यांच्यामधील वार ही एक भक्कम भिंत असून आईच्या पोटात गेलेले औषध तिच्यापलीकडे सहसा जात नाही. हा समज अतिशय क्रूर रीतीने खोटा ठरला. पश्चिम जर्मनीत १९५७ साली 'थॅलिडोमाइड' नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रिया मळमळ थांबावी म्हणूनही ते घेऊ लागल्या. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुले हातापायांचे व्यंग घेऊन जन्माला आली होती. थॅलिडोमाइड हे प्रतिजैविक नव्हे, परंतु त्याने जगाला एक धडा कायमचा दिला. वार ही भिंत नसून चाळण आहे. बहुतेक औषधे कमीअधिक प्रमाणात तिच्यातून गळून बाळाच्या रक्तात उतरतात.

येथे महिन्याचा विचार येतो. गर्भ राहिल्यानंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचे हृदय, मेंदू, मणका, हात-पाय हे सारे अवयव घडत असतात. मूर्ती घडत असताना ओल्या मातीला लागलेले बोट आणि मूर्ती वाळल्यानंतर लागलेले बोट यांत जो फरक, तोच येथे आहे. पुढील महिन्यांत अवयव घडलेले असतात, पण हाडे, दात, कान आणि मेंदू यांची वाढ चालूच असते. शेवटच्या आठवड्यांत प्रश्न पुन्हा बदलतो. आता बाळाला आईच्या मदतीशिवाय औषध पचवून बाहेर टाकायचे असते आणि त्याचे यकृत त्या कामाला अद्याप तयार नसते. म्हणूनच एकच औषध चौथ्या महिन्यात चालते आणि नवव्यात चालत नाही, असे घडते.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. टेट्रासायक्लिन या कुळातील औषधे कॅल्शियमला घट्ट चिकटतात. बाळाच्या दुधाच्या दातांत चौथ्या-पाचव्या महिन्यापासून चुना भरू लागतो. त्या सुमारास आईने हे औषध घेतले, तर ते दातांत व हाडांत जाऊन बसते आणि पुढे मुलाचे दात पिवळे, तपकिरी दिसतात. ते डाग घासून जात नाहीत. आईच्या यकृतालाही या औषधाच्या मोठ्या मात्रेपासून गंभीर अपाय झाल्याची नोंद आहे. क्षयरोगावर एके काळी सर्रास टोचले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन बाळाच्या श्रवणनाडीला इजा करू शकते. अशी काही मुले जन्मतः बहिरी निघाली, म्हणून गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. क्षयाची इतर प्रमुख औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवतात, हे विसरता कामा नये, कारण उपचार न झालेला क्षय आई व बाळ या दोघांचाही वैरी आहे.

क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाची कथा अशीच आहे. १९५९ साली असे वर्णन प्रसिद्ध झाले की, हे औषध मोठ्या मात्रेत दिलेल्या नवजात बालकांचा रंग राखेसारखा होतो, रक्तदाब उतरतो आणि ती दगावतात. त्यांचे कोवळे यकृत ते औषध निकामी करू शकत नाही, हे त्याचे कारण. म्हणून प्रसूती जवळ आली असता आईला ते देणे टाळतात. गंधकयुक्त सल्फा औषधे बाळंतपणाच्या तोंडावर घेतल्यास बाळाच्या रक्तातील काविळीचे द्रव्य मोकळे होऊन मेंदूत उतरण्याची भीती असते. त्यांच्याच जोडीने दिले जाणारे ट्रायमेथोप्रिम हे शरीरातील फॉलिक आम्लाच्या कामात अडथळा आणते आणि पहिल्या तीन महिन्यांत तर बाळाचा मणका व मेंदू घडण्यास फॉलिक आम्लाचीच नितांत गरज असते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधांनी वाढत्या प्राण्यांच्या सांध्यांतील कूर्चेला इजा झालेली प्रयोगांत दिसली. माणसांत तसा मोठा धोका दिसून आला नसला, तरी दुसरे औषध उपलब्ध असताना डॉक्टर ती सहसा निवडत नाहीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि त्यांच्याशी नाते असलेली सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे अनेक दशके लक्षावधी गरोदर स्त्रियांना दिली गेली आहेत. त्यांनी बाळात व्यंग उत्पन्न होते, असे एवढ्या दीर्घ अनुभवात दिसून आलेले नाही. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांपाशी अन्य पर्यायही असतात. ही औषधे सुरक्षित आहेत यामागे एक सोपे कारण आहे. पेनिसिलिन जंतूच्या बाहेरील कवचाची बांधणी मोडते. माणसाच्या पेशीला तसले कवचच नसल्यामुळे तिला त्याचा मार लागत नाही. तरीही सुरक्षित औषध म्हणजे वाटेल तेव्हा घ्यावयाचे औषध नव्हे. गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, मूत्रपिंडे अधिक वेगाने काम करतात आणि काही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. त्यामुळे मात्रा किती व दिवसातून किती वेळा, हे शेजारणीच्या पट्टीवरून ठरत नाही.

औषधांना एखादे अक्षर देऊन हा प्रश्न कायमचा सोडविता येईल, असे एके काळी वाटले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ साली गरोदरपणासाठी औषधांचे ए, बी, सी, डी व एक्स असे पाच वर्ग पाडले. जगभर डॉक्टरांनी व रोग्यांनी ती अक्षरे पाठ केली. पुढे ध्यानी आले की, एका अक्षरात महिना मावत नाही, मात्रा मावत नाही आणि रोग न बरा केल्याचा धोका तर मुळीच मावत नाही. म्हणून २०१५ सालापासून ती अक्षरे काढून टाकून त्यांच्या जागी औषधाची सविस्तर माहिती लिहिण्याची पद्धत त्या देशात सुरू झाली. जे काम एका अक्षराला जमले नाही, ते कोनाड्यातल्या पट्टीला कसे जमणार?

रोग न बरा केल्याचा धोका कोणता, हे सड्यावरच्या त्या बाईच्या दुखण्यावरूनच पाहता येईल. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढलेल्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब येतो आणि लघवी साचून राहते. साचलेल्या पाण्यात जसे जंतू वाढतात, तसेच येथेही होते. शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन ते दहा जणींच्या लघवीत कसलेही लक्षण नसताना जंतू आढळतात. त्यांच्यावर उपचार झाला नाही, तर साधारण चारांतील एकीला पुढे मूत्रपिंडाचा दाह होतो. हुडहुडी भरून येणारा ताप, कुशीत दुखणे, ओकाऱ्या ही त्याची लक्षणे. हा दाह बहुधा उजव्या बाजूस होतो. त्यातून विष रक्तात भिनू शकते व बाळंतपण महिने भरण्यापूर्वी होऊ शकते. लघवीची साधी तपासणी आणि वेळीच दिलेले योग्य औषध यांनी हे बहुतांशी टळते. सासूबाईंना जो ताप 'आज आहे, उद्या नाही' असा वाटला, तो प्रत्यक्षात बाळाच्या दाराशी येऊन उभा राहिलेला असतो.

उपदंश या रोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. आईला तो असेल व उपचार झाला नाही, तर गर्भ मृत होऊ शकतो किंवा बाळ रोग घेऊनच जन्मते. गरोदरपणाच्या सुरुवातीस केलेल्या रक्ततपासणीत तो कळतो आणि नुकत्याच जडलेल्या रोगावर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन आईबरोबर पोटातल्या बाळावरही उपचार करते. वार ही चाळण आहे, हा धडा थॅलिडोमाइडने दुःखाने शिकविला. तीच चाळण येथे वरदान ठरते, कारण तिच्यातून औषधही बाळापर्यंत पोहोचते.

आता शेजारणीच्या पट्टीकडे वळू या. 'गेल्या पावसात यांना उतार पडला' या वाक्यातच धोका दडलेला आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात चिखलात व साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टो नावाचा ताप गाठतो. उंदरांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. पेडणे-डिचोलीच्या शेतांत राबणाऱ्या माणसाला त्याचे भय अधिक. या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे औषध प्रसिद्ध आहे आणि ते टेट्रासायक्लिनच्याच कुळातील आहे. शेतकरी पुरुषाला जे औषध तारक, तेच त्याच्या गरोदर बायकोला देणे डॉक्टर साधारणपणे टाळतात आणि तिला तोच रोग झाल्यास पेनिसिलिनच्या वर्गातील औषध देतात. रोग एक, घर एक, परंतु औषधे दोन. अशा वेळी नवऱ्याची उरलेली पट्टी बायकोने घेणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून रस्ता ओलांडणे होय.

शिवाय प्रत्येक ताप जंतुनाशक औषधाने बरा होणारा नसतोच. सर्दी-पडसे व डेंग्यू हे विषाणूंचे रोग असून त्यांवर ही औषधे निरुपयोगी आहेत. हिवताप हा आणखी वेगळ्या जीवाचा रोग असून त्याची औषधे वेगळी आहेत आणि गरोदर स्त्रीसाठी तीही निवडून द्यावी लागतात. पावसाळ्यातला ताप कोणता, हे रक्ताच्या तपासणीवाचून सांगणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. लघवीचा दाह करणारे अनेक जंतू आज जुन्या औषधांना दाद देत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणूनच शक्य तेथे डॉक्टर लघवीचे कल्चर करून, म्हणजे त्यातील जंतू वाढवून, कोणते औषध लागू पडते हे पाहून घेतात.

सरकारनेही काही बंधने घातली आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-वन' या अनुसूचीतील औषधे, ज्यांत कित्येक प्रतिजैविके आहेत, विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रोग्याचे नाव नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपली पाहिजे. पट्टीवरची उभी लाल रेघ पाहून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नये, असा प्रचार २०१६ पासून सुरू झाला. परंतु कोनाड्यातल्या उरलेल्या गोळ्यांना कोणतीच नोंदवही लागू नसते. तेथे घरच्यांचा विवेक हाच कायदा.

गरोदर स्त्रीने डॉक्टरकडे गेल्यावर चार गोष्टी न विचारता सांगाव्या. पाळी चुकून किती आठवडे झाले, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली होती, सध्या कोणती औषधे चालू आहेत आणि मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा अन्य जुना आजार आहे काय. पहिल्या दिवसांत पोट दिसत नाही. त्यामुळे दाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरकडे गेलेल्या बाईला 'मला दिवस गेले आहेत' हे मुद्दाम सांगावे लागते. संकोचाने ते न सांगणे महागात पडते. दिलेले औषध सांगितलेले सर्व दिवस घ्यावे व उतार पडताच मध्येच सोडू नये. अंगावर पुरळ उठल्यास, श्वास कोंडल्यास किंवा तोंड सुजल्यास मात्र लगेच डॉक्टरकडे जावे. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, सतत ओकारी, अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा पाण्यासारखा स्राव जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे या लक्षणांत उद्याची वाट पाहू नये.

दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच एखादे औषध घेतले गेले, तर काय करावे? हा प्रश्न पुष्कळ स्त्रिया मनातच ठेवून झुरतात. अशा वेळी घाबरून गर्भ पाडण्याचा विचार करणे अथवा चालू असलेले आवश्यक औषध आपण होऊन बंद करणे, दोन्ही चूक. गोळ्यांची पट्टी घेऊन, घेतल्याची तारीख सांगून डॉक्टरला भेटावे. बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या मात्रेने अनर्थ झालेला नसतो, आणि शंका असल्यास सोनोग्राफीने पुढील दिशा ठरविता येते.

गोव्यात या बाबतीत सोयींची वाण नाही. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेच्या परंपरेतून आलेले गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस आहे, मुरगावकरांसाठी चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय आहे, पेडणे-डिचोलीच्या गावांसाठी आरोग्य केंद्रे आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी ठरविण्यात आली आहे. बंदरावर पोट भरण्यासाठी परमुलखातून आलेल्या आणि येथील भाषा नीट न येणाऱ्या बाईला ही वाट शेजारणीनेच दाखवावयाची असते.

आणि म्हणून सड्यावरच्या त्या खोलीत शेजारणीला करण्यासारखे पुष्कळ आहे. पट्टी कोनाड्यात परत ठेवण्याऐवजी तिने ती टाकून द्यावी, छत्री घ्यावी आणि त्या बाईला हाताला धरून दवाखान्यात न्यावे. सासूबाईंनीही बरोबर जावे आणि आपली शंका डॉक्टरसमोर मोकळेपणाने मांडावी, कारण ती विचारण्यासारखीच आहे. लघवी तपासली जाईल, तापाचे कारण कळेल आणि त्या महिन्याला साजेल असे औषध मिळेल. दोन जिवांच्या बाईला औषध देताना भीती असावी, पण ती दाराबाहेर पडून विचारणारी भीती असावी. दार लावून घेणाऱ्या भीतीने आजवर कोणतेही बाळ वाचलेले नाही.